संकेतस्थळाचे बिऱ्हाड

तंजावर जिल्ह्यात, कुंभकोणम्‌च्या पश्चिमेला पाच-सात किलोमीटरवर, कावेरीच्या काठी स्वामीमलै हे गाव आहे. मुरुगन, म्हणजे आपला कार्तिकेय, याच्या सहा प्रमुख क्षेत्रांपैकी हे एक. देवळाच्या साठ पायऱ्या चढून जावे लागते आणि त्या साठ पायऱ्यांना साठ संवत्सरांची नावे दिलेली आहेत. परंतु देशोदेशी हे गाव ओळखले जाते ते तेथील स्थपतींच्या ओतीव मूर्तींमुळे. मेण आणि राळ यांची मूर्ती घडवायची, तिच्यावर कावेरीच्या गाळाच्या मातीचे थर द्यायचे, साचा तापवून मेण वाहून जाऊ द्यायचे आणि त्या पोकळीत वितळलेला धातू ओतायचा, ही चोळकाळापासूनची पद्धत येथे आजही चालू आहे. एका साच्यातून एकच मूर्ती निघते, कारण साचा फोडल्याशिवाय मूर्ती बाहेर येत नाही. २००८-०९ मध्ये या मूर्तींना भौगोलिक निर्देशांक मिळाला. २०२३ साली दिल्लीच्या भारत मंडपम्‌समोर उभा राहिलेला सत्तावीस फुटी नटराज याच गावच्या स्थपतींनी घडवला.

२०१२ साली हस्तकलांविषयीच्या एका योजनेच्या मूल्यमापनासाठी मी या गावी तीन दिवस होतो. मूल्यमापनाचा अहवाल यथावकाश नस्तीत गेला. तेथील एका कार्यशाळेत मला विचारला गेलेला प्रश्न मात्र त्यानंतर मी अनेक शासकीय बैठकांत, वेगवेगळ्या रूपांत, ऐकला. कार्यशाळेच्या मालकांचा धाकटा मुलगा वाणिज्य शाखेचा पदवीधर होता. त्याने घराण्याच्या मूर्तींचे संकेतस्थळ काढले होते. ते अमेरिकेतल्या कोणत्याशा सर्व्हरवर, वर्षाला दोन-अडीच हजार रुपये भाड्याने ठेवलेले होते आणि उघडायला फार वेळ लागत होता. त्याचा प्रश्न असा : "सर, ते चेन्नईच्या सर्व्हरवर आणले तर लवकर उघडेल का?"

प्रश्न साधा आहे, पण त्याच्या पोटात तीन निरनिराळे प्रश्न आहेत. संकेतस्थळाचा पत्ता कोणाच्या नावावर आहे, त्याचे बिऱ्हाड कोठे आहे, आणि त्या बिऱ्हाडात सामान किती भरले आहे? आपल्याकडे, शासनात तर विशेषच, या तिन्हींची सरमिसळ होत आली आहे. ती कशी झाली हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

जगातला पहिला वेब सर्व्हर जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत १९९० च्या अखेरीस सुरू झाला. टिम बर्नर्स-ली यांच्या टेबलावरचा तो एक साधा संगणक होता. हा सर्व्हर आहे, तो बंद करू नये, अशा अर्थाची चिठ्ठी लाल शाईने लिहून त्यावर चिकटवलेली होती. होस्टिंगच्या क्षेत्रातला पहिला सेवाकरार म्हणजे ती चिठ्ठी, असे मी प्रशिक्षणवर्गांत सांगत असतो. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने हे तंत्रज्ञान सर्वांना विनामूल्य खुले केले. याच संस्थेच्या आवारात १८ जून २००४ पासून भारत सरकारने भेट दिलेली नटराजाची दोन मीटर उंचीची मूर्ती उभी आहे.

भारतात शासनाने संगणकाचे जाळे विणायला त्यापूर्वीच आरंभ केला होता. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र, म्हणजे एनआयसी, १९७६ मध्ये स्थापन झाले आणि १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्याचे निकनेट हे जाळे उपग्रहाच्या साहाय्याने जिल्ह्याजिल्ह्यांत पोहोचले. दूरध्वनीच्या तारा ज्या काळी पावसाळ्यात आठ-आठ दिवस मुक्या असत, त्या काळी जिल्हाधिकारी कार्यालयाच्या गच्चीवर एक तबकडी बसवून दिल्लीशी संपर्क साधणे ही मोठी झेप होती. पण या झेपेची एक किंमत होती. भूस्थिर उपग्रह पृथ्वीपासून सुमारे छत्तीस हजार किलोमीटर उंचीवर असतो. मागणी वर जाणार, खाली येणार. उत्तर पुन्हा वर जाणार, खाली येणार. म्हणजे सुमारे एक लाख चव्वेचाळीस हजार किलोमीटरचा प्रवास. प्रकाशाच्या वेगाने गेले तरी यात जवळजवळ अर्धा सेकंद जातो, आणि हा अर्धा सेकंद कोणत्याही निविदेने कमी होत नाही.

अर्धा सेकंद म्हणजे काय मोठे, असे वाटेल. पण त्या काळच्या रीतीने पानावरचे प्रत्येक चित्र आणण्यासाठी आधी जोडणी करायची आणि मग मागणी करायची, अशा दोन फेऱ्या लागत. म्हणजे एका चित्रामागे एक सेकंद. मुखपृष्ठावर राजमुद्रा, मंत्रिमहोदयांचे छायाचित्र, लुकलुकणारे 'नवीन' हे अक्षर, शोभेची बटणे अशी चाळीस चित्रे असली आणि ब्राउझर एका वेळी दोनच मागवत असला, तर वीस सेकंद नुसत्या ये-जा करण्यात जात. चित्रे प्रत्यक्ष उतरायला लागणारा वेळ वेगळा. हे पान ज्या अधिकाऱ्याने मंजूर केले तो ते दिल्लीत, सर्व्हरच्या शेजारच्या खोलीत, पाहत असे. त्याला ते क्षणात दिसे.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला येथे एक जुनी ओळखीची गोष्ट दिसते. कारखाना धूर सोडतो, त्याचा खर्च कारखान्याच्या ताळेबंदात येत नाही. तो शेजारच्या वस्तीच्या फुप्फुसांत जमा होतो. जड पानाचा खर्चही ते बनवणाऱ्याच्या हिशेबात येत नाही. तो वाचकाच्या वेळेत आणि त्याच्या दूरध्वनीच्या बिलात जमा होतो, आणि वाचक नस्तीवर कोठेच नसतो.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने, म्हणजे व्हीएसएनएलने, सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. १९९८ च्या नोव्हेंबरमध्ये खासगी सेवादात्यांना परवानगी मिळाली. मोडेमचा कर्कश आवाज आणि मिनिटामिनिटाला वाढणारे बिल आपणांपैकी अनेकांना आठवत असेल. छपन्न किलोबिटचा मोडेम पूर्ण वेगाने चालला, जो तो क्वचितच चाले, तरी सेकंदाला सात किलोबाइट उतरत. शंभर किलोबाइटच्या पानाला चौदा सेकंद.

या काळात भारतीय संकेतस्थळांचे बिऱ्हाड बहुतांशी अमेरिकेत होते. यावर पुढे पुष्कळ टीका झाली, पण त्या वेळी ते शहाणपणाचेच होते. भारतात बँडविड्थ महाग, विजेचा भरवसा नाही, आणि मुख्य म्हणजे वाचकही तिकडेच. १९९६ साली परदेशस्थ मराठी माणसांनी 'मायबोली' सुरू केली, तेव्हा मराठी वाचायला संगणकासमोर बसणारा माणूस पुण्यापेक्षा न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात सापडण्याचा संभव अधिक होता. घर वाचकाजवळ असावे हा नियम तेव्हाही लागू होता. फक्त वाचक दूर गेलेला होता.

ज्यांना भाडे परवडत नसे ते फुकटच्या धर्मशाळेत उतरत. १९९४ साली सुरू झालेल्या जिओसिटीज या सेवेवर जगभरच्या हौशी लोकांनी आपापली पाने मांडली होती आणि त्यांत मराठी पानेही होती : कोणाचा गडकिल्ल्यांचा संग्रह, कोणाची कुळाची वंशावळ. १९९९ मध्ये याहूने ती कंपनी विकत घेतली आणि २६ ऑक्टोबर २००९ रोजी बंद केली. पंधरा वर्षांचा संसार एका दिवशी रस्त्यावर आला. स्वामीमलैपासून तीस-पस्तीस किलोमीटरवर तंजावरला बृहदीश्वराच्या मंदिरात दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ साली भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरून घेतला आहे. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी माणसाने तो एकदा तरी जाऊन पाहावा. भिंतीभर पसरलेली ती मराठी अक्षरे सव्वादोनशे वर्षांनंतरही जागच्या जागी आहेत. त्यांना दरसाल नूतनीकरणाचे शुल्क भरावे लागत नाही. असो.

खासगी सेवादाते आल्यावर एक विचित्र परिस्थिती उद्भवली. मुंबईत एका कंपनीचा ग्राहक आणि मुंबईतच दुसऱ्या कंपनीकडे ठेवलेले संकेतस्थळ यांच्यामधली वाट अमेरिकेतून जाऊ लागली, कारण दोन्ही कंपन्यांची जाळी एकमेकांना देशात कोठे भेटतच नव्हती. दादरहून परळला पाठवलेले पत्र न्यूयॉर्कच्या टपाल कार्यालयातून येण्यासारखा हा प्रकार. त्यात वेळ जाई तो जाईच, शिवाय समुद्राखालच्या महागड्या तारेचे भाडे जाताना आणि येताना परकीय चलनात द्यावे लागे. म्हणजे संकेतस्थळ भारतात आणून ठेवले तरी ते वेगवान होण्याऐवजी कधीकधी आणखी मंद होत असे! यावर उपाय म्हणून १९ जून २००३ रोजी नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया, म्हणजे निक्सी, ही ना-नफा कंपनी नोंदली गेली आणि नोएडा, मुंबई, चेन्नई, कोलकाता येथे या जाळ्यांच्या भेटीच्या जागा तयार झाल्या. देशाच्या इंटरनेटच्या इतिहासात या घटनेचा उल्लेख क्वचित आढळतो. माझ्या मते सर्वसामान्य वाचकाचा वेळ वाचवणारा एवढा स्वस्त शासकीय निर्णय त्या दशकात दुसरा झाला नसेल.

पत्त्याच्या बाबतीतही तेव्हा असेच घडले. '.इन' या शेपटाची नावे मुंबईच्या एनसीएसटी या संस्थेकडून मिळत. नियम इतके कडक होते की २००४ अखेर अशा नावांची संख्या सुमारे ७,००० च होती. २००५ मध्ये ही नोंदणी खुली झाली. तोवर भारतीय माणसाला आपल्या दुकानाला भारतीय पत्ता घेण्यापेक्षा '.कॉम' घेणे सोपे होते. स्वामीमलैच्या त्या कार्यशाळेचाही पत्ता '.कॉम'च होता, आणि चौकशी करता असे निघाले की तो कुटुंबाच्या नावावर नव्हताच! संकेतस्थळ बनवून देणाऱ्याने तो स्वतःच्या नावावर नोंदवला होता. बिऱ्हाड कोठेही असो, पत्ता आपल्या नावाचा हवा, कारण पत्ता आपला असेल तर बिऱ्हाड एका रात्रीत बदलता येते. तो पत्ता सोडवून घेण्यात त्या मुलाचे चार महिने गेले, असे मला पुढे कळले.

शासनाने दरम्यान आपली संकेतस्थळे 'जीओव्ही.इन' आणि 'एनआयसी.इन' या पत्त्यांवर व देशातल्याच सर्व्हरवर असावीत असे धोरण ठेवले. त्यामागे सुरक्षिततेचे आणि सार्वभौमत्वाचे कारण होते आणि ते योग्यच होते. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तमधील अलेक्झांड्रियाजवळ समुद्राखालच्या दोन तारा तुटल्या आणि भारताची परदेशी जोडणी मोठ्या प्रमाणावर कोलमडली, तेव्हा ज्यांचे बिऱ्हाड देशात होते त्यांना त्याचे महत्त्व पटले. २००९ मध्ये शासकीय संकेतस्थळांसाठी सविस्तर मार्गदर्शक तत्त्वे आली, २०१४ मध्ये 'मेघराज' हा शासकीय क्लाउड आला आणि पुढे जिल्ह्यांची संकेतस्थळे एकाच सामायिक साच्यावर बसवली गेली. सातारा आणि तंजावर या दोन जिल्ह्यांची पाने आता चुलतभावंडांसारखी दिसतात.

आता सामानाकडे वळू. मराठी वाचकाला या बाबतीत एक जादा ओझे पूर्वीपासून आहे. आजच्या प्रचलित यूटीएफ-८ या पद्धतीत इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, तर देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला तीन. तमिळलाही तीनच. काना, मात्रा, वेलांटी ही प्रत्येक स्वतंत्र खूण धरली जाते, तेव्हा सारखाच मजकूर मराठीत लिहिला तर तो कित्येक पट जड होतो. १९९१ च्या इस्की या भारतीय प्रमाणात हे काम एका बाइटात होत असे, परंतु ते जगाने स्वीकारले नाही. मधल्या काळात प्रत्येक वृत्तपत्राचा आणि प्रत्येक कार्यालयाचा फाँट निराळा. तो आधी उतरवून घ्या, मग वाचा. एखाद्याने फाँट उतरवला नाही तर त्याच्यापुढे चिन्हांची रांगोळी येई.

या त्रासातून शासकीय कार्यालयांनी जो मार्ग काढला तो मात्र रोगापेक्षा वाईट ठरला. मराठी आदेश टंकलिखित करायचा, त्याची प्रत कागदावर काढायची, सही-शिक्का झाल्यावर तिचे चित्र घ्यायचे आणि ते चित्र संकेतस्थळावर चढवायचे. एका पानावर साधारण दोन हजार चिन्हे असतात. यूटीएफ-८ मध्ये ती सहा किलोबाइटमध्ये मावतात आणि पाठवताना सर्व्हरने दाबून पाठवली तर दोनच्या आसपास. त्याच पानाचे रंगीत चित्र हजार किलोबाइटपर्यंत सहज जाते. तीन बाइटांबद्दल तक्रार करणारे आपण पाचशेपट ओझे बिनतक्रार वाहत होतो! शिवाय त्या चित्रातले एकही अक्षर शोधयंत्राला दिसत नाही आणि अंध व्यक्तीच्या संगणकाला ते वाचून दाखवता येत नाही. माझ्या पाहण्यातल्या एका कार्यालयाने गती वाढवण्यासाठी दुप्पट क्षमतेचा सर्व्हर घेतला होता. चित्रे तशीच राहिली, गतीही तशीच राहिली.

सर्व्हर मोठा करून पान लवकर का उघडत नाही, याचा शास्त्रशुद्ध हिशेब २००७ साली मांडला गेला. याहूमध्ये काम करणारे स्टीव्ह साउडर्स यांनी मोजून दाखवले की वाचकाला जो वेळ वाट पाहावी लागते त्यापैकी ऐंशी ते नव्वद टक्के वेळ सर्व्हरने पान तयार करण्यात जात नाही. तो त्या पानाबरोबरची चित्रे आणि इतर धारिका उतरवण्यात व मांडण्यात जातो. म्हणून चित्रे लहान करा, मागण्यांची संख्या कमी करा, मजकूर दाबून पाठवा आणि एकदा आणलेले पुन्हा मागवायला लावू नका. या सूचनांत खरेदी करण्यासारखे काही नाही, म्हणूनच बहुधा त्या खरेदी समितीच्या कार्यसूचीवर येत नाहीत.

स्वामीमलैला आम्ही हाच हिशेब कागदावर केला. मूर्तींची चोवीस छायाचित्रे कॅमेऱ्यातून निघाली तशी, प्रत्येकी सुमारे तीन मेगाबाइटची, एकाच पानावर ठेवलेली होती. एकूण बहात्तर मेगाबाइट. त्यांच्या घरच्या पाचशे बारा किलोबिटच्या जोडणीवर ते पान पूर्ण उतरायला जवळजवळ एकोणीस मिनिटे लागत. मेण-मातीचे काम करणाऱ्या घरात वाट पाहण्याची सवय असते, पण गिऱ्हाइकाला ती नसते. प्रत्येक छायाचित्र शंभर किलोबाइटचे केले आणि पहिल्या पानावर सहाच ठेवली, तर त्याच जोडणीवर साडेनऊ सेकंद. सर्व्हर अमेरिकेतच होता. तो हलवण्याचे कारणच उरले नाही. आणि तो चेन्नईला हलवून भले तरी कोणाचे होणार होते? मी विचारले, मूर्ती मागवतो कोण? उत्तर आले : अमेरिकेतली देवळे, सिंगापूर, मलेशिया. चेन्नईहून न्यूयॉर्कला जाऊन येण्यास काचेच्या तारेतून कमीत कमी सव्वाशे-दीडशे मिलिसेकंद लागतात, सिंगापूरला तीसच्या आसपास. मालक स्वामीमलैत राहतो म्हणून सर्व्हर चेन्नईत ठेवणे म्हणजे गिऱ्हाइकाऐवजी दुकानदाराची सोय पाहणे होय.

पण गिऱ्हाईक निम्मे सिंगापुरात आणि निम्मे न्यू जर्सीत असेल तर? या प्रश्नावर १९९५ च्या सुमारास बर्नर्स-ली यांनीच अमेरिकेतील एमआयटीच्या गणितज्ञांना विचार करण्यास सांगितले होते. टॉम लेटन आणि त्यांचा विद्यार्थी डॅनियल लेविन यांनी त्यावर काम करून १९९८ मध्ये अकामाई ही कंपनी काढली. लेविन पुढे ११ सप्टेंबर २००१ च्या विमान अपहरणात मारले गेले. त्यांची कल्पना ज्या परिभाषेत शिकवतात ती किचकट आहे. स्वामीमलैच्या माणसाला ती सांगायला मला दोन शब्द पुरले. तमिळ देवळांत गाभाऱ्यातली मूलमूर्ती बहुधा दगडाची असते आणि ती जागची हलत नाही. जे लोक देवळापर्यंत येऊ शकत नाहीत त्यांच्यासाठी धातूची उत्सवमूर्ती असते. ती पालखीत, रथात बसून त्यांच्या गल्लीत जाते. स्वामीमलैच्या भट्ट्यांतून शतकानुशतके निघतात त्या अशाच उत्सवमूर्ती. मूळ सर्व्हर एका जागी ठेवून त्यावरच्या पानांच्या प्रती वाचकाच्या शहरात ठेवायच्या, म्हणजे उत्सवमूर्तीच पाठवायची. तो मुलगा हसला आणि म्हणाला, "पण अभिषेक मूळ मूर्तीलाच."

त्याचे म्हणणे बरोबर होते, आणि शासकीय कामात या भेदाला फार महत्त्व आहे. योजनेची माहिती, जुने आदेश, छापील अर्ज यांच्या प्रती गावोगावी ठेवता येतात. पण आजचा सातबारा, आजचे आरक्षण, आज भरलेला अर्ज यांसाठी मूळ सर्व्हरकडेच जावे लागते, आणि गर्दी तेथेच होते.

गर्दीचा सर्वांत मोठा धडा रेल्वेने दिला. ऑगस्ट २००२ मध्ये आयआरसीटीसीची संगणकीय तिकीटविक्री सुरू झाली. तत्काळची खिडकी उघडताच सारा देश एका दारावर लोटे. २८ एप्रिल २०१४ रोजी नवी प्रणाली आली आणि मिनिटाला २,००० तिकिटांची क्षमता ७,२०० वर गेली. हे यंत्राचे काम झाले. मला अधिक रस आहे तो त्यानंतरच्या एका साध्या निर्णयात : जून २०१५ पासून वातानुकूलित वर्गांचे तत्काळ दहा वाजता आणि इतर वर्गांचे अकरा वाजता असे वेगळे केले गेले. या निर्णयाला एकही नवा संगणक लागला नाही. वीजमंडळे दुपारच्या आणि संध्याकाळच्या मागणीचा भार वाटतात, तोच हा विचार. तरीही परीक्षांचे निकाल आणि अर्जांच्या शेवटच्या तारखा आपण अजून एकाच घटकेला बांधून ठेवतो आणि मग सर्व्हरला दोष देतो.

'सर्व्हर डाऊन' हा शब्दप्रयोग मराठीत तलाठी कार्यालयांतून रुळला असावा अशी माझी समजूत आहे. १ मे २०१८ पासून महाराष्ट्रात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. बाहेरगावी राहणाऱ्या मराठी माणसाच्या दृष्टीने ही शासनाने दिलेली सर्वांत मोलाची संगणकीय सेवा होय. पूर्वी गावी भाऊ किंवा चुलता असेल तरच उतारा मिळे, आणि वाद असला तर तो बहुधा त्याच भावाशी असे. पण ही सोय परदेशस्थांना नेहमी मिळतेच असे नाही. सायबर हल्ल्यांच्या भीतीने अनेक शासकीय संकेतस्थळे भारताबाहेरून येणारी मागणी दारातच परत पाठवतात. पान मंद आहे की बंद आहे, हेही त्या वाचकाला सांगितले जात नाही. पांढरा पडदा फिरत राहतो. भीती खोटी नाही. तरी माझे मत असे की माहितीची पाने, अर्जांचे नमुने आणि नागरिकाच्या स्वतःच्या नोंदी या तिन्हींना एकच कुलूप लावणे हे सुरक्षेचे धोरण नव्हे, सोयीचे आहे. ज्याची शेतजमीन बारामतीला आणि नोकरी टोरोंटोला आहे तो तक्रार कोणत्या खिडकीवर करणार?

गेल्या काही वर्षांत होस्टिंगच्या निविदांचे मसुदे माझ्यासमोर येतात, तेव्हा मी दोन ठिकाणी थांबतो. सर्व्हर वर्षातून ९९.५ टक्के वेळ चालू राहील, हे कलम प्रत्येक मसुद्यात असते आणि ते वाचून सर्वांचे समाधान होते. उरलेला अर्धा टक्का म्हणजे वर्षाला जवळजवळ चव्वेचाळीस तास होतात. ते सगळे अर्ज भरण्याच्या शेवटच्या दोन दिवसांत आले तरी कराराचा भंग होत नाही. ९९.९ टक्के म्हटले तर पावणेनऊ तास. दुसरे म्हणजे, सर्व्हर चालू आहे की नाही हे सर्व्हरजवळ बसूनच मोजलेले असते. वाचकाच्या हातातल्या मोबाइलवर पान किती सेकंदांत उघडले, हे मोजण्याची तरतूद मी पाहिलेल्या बहुतेक मसुद्यांत नव्हती.

कारागिरांच्या नोंदणीच्या एका संकेतस्थळासाठी आम्ही ती तरतूद घातली : मुखपृष्ठ पाच सेकंदांत, साध्या मोबाइलवर, आणि वजन पाचशे किलोबाइटच्या आत. जगातली निम्मी पाने आज दोन मेगाबाइटच्या वर गेली आहेत हे लक्षात घेता ही अट कडक होती. निविदापूर्व बैठकीत एका बोलीदाराच्या प्रतिनिधींनी विचारले, मोजणार कोठून? दिल्लीच्या कार्यालयातून मोजणार असाल तर आम्हांला मान्य आहे. त्या बैठकीतच परिशिष्टात ठिकाणे लिहून घेतली. देशातली तीन, तिन्ही तालुक्याची गावे. परदेशातली दोन, एक सिंगापूर आणि एक न्यू जर्सी. बोलीदारांपैकी दोघे निघून गेले, तिघे थांबले.